धरत-सोडत उतरणारं औषध

२०१८ साली ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये एमआयटीच्या ब्रेट गायगर, ॲलन ग्रॉडझिन्स्की, पॉला हॅमंड आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. झिजत्या गुडघ्यात औषध टिकवायचं कसं, हा त्याचा विषय. त्यातली युक्ती मला फार देखणी वाटते.

गुडघ्यात इंजेक्शन देणं सोपं. पण सांध्यातल्या द्रवातून लहान रेणूंचं औषध काही तासांतच रक्तात निघून जातं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे पोटात घेतलेली गोळीही तिथं जेमतेम पोचते. कूर्चेच्या पेशी असतात ॲग्रेकन नावाच्या रेणूंच्या दाट, ऋणप्रभारित जाळ्यात खोलवर. हाच ऋणप्रभार पाणी धरून ठेवतो आणि त्या पाण्याच्या बळावर कूर्चा आपला भार पेलते.

संशोधकांनी या प्रभारालाच कामाला लावलं. डेंड्रिमर हा झाडासारखा फांद्या फुटलेला, काही नॅनोमीटरचा रेणू. त्याच्या टोकांवर धनप्रभार असतो. त्याला आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारं प्रथिन जोडलं, की कूर्चा स्वतःच त्याला आत ओढते.

खरी कारागिरी पकडीच्या मापात आहे. धनप्रभार फार झाला तर औषधाचा हा वाहक डेंड्रिमर वरच्या थरातच अडकतो, पेशींनाही विषारी ठरतो. म्हणून काही टोकांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल चढवून प्रभार बेताचा केला. आता वाहक एका जागी धरला जातो, सुटतो, पुढं पुन्हा धरला जातो आणि असा खाली उतरतो. माणसाच्या कूर्चेइतक्या जाड गोवंशीय कूर्चेत तो दोन दिवसांत आरपार गेला. उंदरांच्या गुडघ्यात औषध ३० दिवसांपर्यंत राहिलं आणि नुसत्या आयजीएफ-१पेक्षा कूर्चा अधिक वाचली.

मणक्यांमधल्या गादीच्या गाभ्यातही ॲग्रेकन विपुल असतं, म्हणून ही कल्पना तिथंही खुणावते. मात्र तिथं सुईच जपून वापरावी लागते. गादीत सुई टोचून केलेल्या तपासणीनंतर झीज अधिक वेगानं होते, असं संशोधक कॅराजी यांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात २००९ साली दिसलं.

एमआयटीचा निबंध प्राण्यांवरच्या प्रयोगांपाशी थांबतो. त्यातलं तत्त्व मात्र आपल्याला पुढं नेतं. झिजेबरोबर ॲग्रेकन गळतं, ऋणप्रभार घटतो, पकडही सैल होते. आपण अनेकदा चालणं अवघड झाल्यावर उपचारांकडे वळतो. कूर्चेच्याच बळावर टिकणाऱ्या औषधाला ते बळ शाबूत असतानाच आत जायला हवं.