भुताची भाषा : ‘मणिचित्रत्ताळ’ आणि त्याची रूपांतरे

भयपटाची नवी आवृत्ती मूळ कृतीशी ताडून पाहताना समीक्षेचे लक्ष बहुधा कथानकातील फरकांकडे आणि नटांच्या तुलनेकडे जाते. फाझिल यांच्या ‘मणिचित्रत्ताळ’ (१९९३) या मल्याळम चित्रपटाच्या बाबतीत मात्र त्याआधीच एक प्रश्न उभा राहतो. मधु मुट्टम यांची ही कथा कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (२००५) आणि हिंदीत ‘भूलभुलैया’ (२००७) या नावांनी अवतरली. हे भूत परक्या भाषेत बोलते. मग चित्रपटाचीच भाषा बदलली की भुताने कोणत्या भाषेत बोलावे?

माडंपळ्ळीच्या वाड्यातील दक्षिणेकडचे दालन, ‘तेक्किनी’, कुलूपबंद आहे. शंकरन तंपीने तंजावरहून आणलेल्या नागवल्ली या नर्तकीचा तेथे वध झाला, अशी आख्यायिका. नकुलनची पत्नी गंगा ते दालन उघडवते आणि हळूहळू नागवल्ली होत जाते. आईवडील दूर कलकत्त्याला, मुलगी आजीच्या कहाण्यांवर वाढलेली : मानसोपचारतज्ज्ञ सनी तिच्या विकाराची मुळे या बालपणात शोधतो. चित्रपटात भूत असे नाहीच; आहे ते दुभंगलेले मन.

या दुभंगाचा प्रत्यय ज्या प्रसंगात येतो, तो भारतीय भयपटातील अनन्यसाधारण प्रसंग म्हणावा लागेल. गंगा अल्लीच्या दागिन्यांच्या खरेदीला निघते. नकुलन तिला अडवतो. संसारातील साधी कुरबूर. तिचा स्वर चढतो, पलंग उचलला जातो, आणि संतापाच्या टोकावर मल्याळम गळून पडून तमिळ उमटते. शोभना यांचा चेहरा एकच. आवाज मात्र दोन. गंगेचा आवाज भाग्यलक्ष्मी यांचा, तर नागवल्लीचा दुर्गा यांचा. मल्याळी प्रेक्षकाला तमिळ बरीचशी कळते, म्हणूनच ती भेदक ठरते. अगदी अनोळखी भाषा केवळ गोंगाट झाली असती. येथे शेजारीण घरात येऊन घरधनीण होऊन बसते, आणि तिचे बोलणे आपल्याला समजते आहे याचीच भीती वाटते.

पी. वासू यांनी कन्नड व तमिळ रूपांतरांत नर्तकीला तेलुगू दिली. ही निवड मार्मिक आहे. तमिळ प्रदेशात तेलुगू ही कर्नाटक संगीताची आणि दरबाराची भाषा. तंजावरच्या मराठी राजघराण्यातील शहाजींनीही तेलुगूत नाट्यरचना केली. म्हणजे भाषेची निवड चुकली नाही, चुकले ते इतरत्र. ज्योतिका यांचा आवेश प्रभावी असला, तरी ‘चंद्रमुखी’त रजनीकांत यांच्याच वाट्याला राजाचीही भूमिका येते, गतकाळ डोळ्यांपुढे उभा केला जातो, आणि वाड्यात एक अवाढव्य नाग निष्कारण वावरत राहतो. मनोविकाराचे निदान एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने नाग सोडायचा, हा प्रकार हास्यास्पद आहे.

‘भूलभुलैया’चे दिग्दर्शक प्रियदर्शन हे मूळ चित्रपटाच्या दुसऱ्या चित्रीकरण-पथकाच्या दिग्दर्शकांपैकी एक. त्यामुळे दृश्यांची मांडणी पुष्कळशी जशीच्या तशी उतरली आहे. नर्तकी मंजुलिका बंगाली झाली. वरवर पाहता समीकरण जुळते. पण हिंदी प्रेक्षकाच्या मनात बंगाली ही अर्धपरिचित शेजारीण म्हणून नसते. एकीकडे ती गाण्यांतली मधुर भाषा, दुसरीकडे ‘बंगाली जादू’च्या लोकप्रवादाने आधीच संशयित ठरलेली. जी भीती पलंगाच्या प्रसंगातून निर्माण व्हायला हवी, ती या पूर्वग्रहातून आयती मिळते. शिवाय मूळ चित्रपटात नृत्यगीताचे तमिळपणच नागवल्लीची ओळख होते. हिंदीत त्या गीताचा भार मुख्यतः हिंदीवर आहे. विद्या बालन यांचा अभिनय ही उणीव बरीच झाकतो, भरून मात्र काढत नाही. २०२२ च्या ‘भूलभुलैया २’ मध्ये तर मंजुलिका खरोखरीचे भूत झाली आणि काळ्या जादूचा प्रवादही कथेतच शिरला.

मराठी प्रेक्षक मूळ चित्रपट बहुधा अनुवादाच्या ओळी वाचत पाहतो. त्या ओळींत गंगा आणि नागवल्ली एकाच लिपीत, एकाच भाषेत बोलतात. पलंगाच्या प्रसंगी त्याने नजर त्या ओळींवरून काढून कान द्यावा. मल्याळम न कळणाऱ्यालाही आवाज बदलल्याचा क्षण ऐकू येतो.