हाद्झांचा हिशेब आणि आपला फळा

आठवी-नववीला आहार शिकवताना आपण बहुतेक जण फळ्यावर एक हिशेब मांडतो. एका वडापावात साधारण 300 उष्मांक. साठ किलो वजनाचा माणूस तासभर झपझप चालला तर अडीचशेच्या आसपास खर्च होतात. म्हणजे वडापाव खाल्ला तर तासाहून थोडं जास्त चाला. मुलांना हे पटतं, कारण ते किराण्याच्या हिशेबासारखं असतं. मीही हा हिशेब कितीतरी वर्षं मांडला. हर्मन पाँट्झर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाचं 'बर्न' (2021) हे पुस्तक वाचल्यावर मात्र तो जसाच्या तसा मांडणं अवघड झालं आहे.

पाँट्झरने उत्तर टांझानियातल्या हाद्झा लोकांमध्ये राहून काम केलं. हे लोक शेती करत नाहीत. पुरुष धनुष्यबाण घेऊन शिकारीला आणि मध काढायला जातात, बायका कंद उकरतात. त्यांची रोजची चाल शहरी माणसाच्या कितीतरी पट असते. त्यांचा उष्मांकांचा खर्च कसा मोजला, हा भाग मला पुस्तकात सर्वांत आवडला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींचे जड समस्थानिक असलेलं थोडं पाणी माणसाला प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घ्यायचे. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच जातो; जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला की बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड कळतो, आणि त्यावरून शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते. माणसाला खोलीत कोंडायला नको की तोंडाला नळी लावायला नको. नववीच्या मुलांना ही युक्ती सहज समजते, आणि समजली की ती खूश होतात.

2012 साली या मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर हाद्झांचा रोजचा खर्च पाश्चात्त्य देशांतल्या बैठ्या लोकांइतकाच निघाला! पाँट्झरचं म्हणणं असं, की हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. दाह, ताणाची संप्रेरकं, प्रजनन यांवरचा खर्च आवरतं. म्हणून व्यायामाने आरोग्य सुधारतं, वजन फारसं उतरत नाही. वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटात सुटतो.

हे वाचताना मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. आरोग्यतपासणीत त्याचं वजन साऱ्या वर्गासमोर मोठ्याने वाचलं गेलं. मग त्याला रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पोरगा इमानाने सहा महिने धावला. काट्यावर फरक दिसेना, तेव्हा 'तू घरी खात असशील' असं मीच त्याला म्हणालो. वाढत्या वयात वजन वाढणारच, एवढंही मी ध्यानात घेतलं नाही. त्याने मैदान सोडलं. धावण्याने त्याला जे मिळत होतं, तेही गेलं.

पुस्तकाबद्दल तक्रारीही आहेत. लेखक आपल्या शोधाच्या प्रेमात आहे. ही काटकसर जवळजवळ पूर्ण असते असा समज वाचकाचा होतो, आणि तोही मुख्यतः तीस हाद्झा प्रौढांच्या मोजणीवरून. पण 2021 मध्येच प्रसिद्ध झालेल्या, आणि पाँट्झर स्वतः सहलेखक असलेल्या एका निबंधात ही काटकसर सरासरी 28 टक्केच भरली. म्हणजे व्यायामात जादा शंभर उष्मांक घातले तर बहात्तर खर्चाच्या खात्यात खरोखर पडतात. ही काही थोडी रक्कम नव्हे. फळ्यावरचा हिशेब पुसून टाकायची गरज नाही, त्याच्या खाली ही वजाबाकी लिहायला हवी.

दुसरी उणीव लेखकाची म्हणता येणार नाही, पण आपल्याला ती जाणवते. वजन हेच माप आपल्याकडे फसवं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं होतं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. याज्ञिकांनी एक कारण आपल्या जन्मवेळच्या कमी वजनात शोधलं. युडकिन यांना धावण्याची आवड. आपला व्यायाम म्हणजे बंद होणारी लिफ्ट गाठणं, अशी कबुलीही याज्ञिकांनी हसत दिली. वरून सडसडीत दिसणाऱ्या मुलांना आपण व्यायामातून सूट देतो, ती कशाच्या आधारावर?

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आणि जरा मिश्कीलही आहे. मोजणीचं वर्णन शिक्षकांनी जरूर वाचावं; पथ्यांच्या अमेरिकी वादांची पानं भराभर उलटली तरी चालतील. मी आता वर्गात त्या दोन डॉक्टरांची गोष्ट सांगतो आणि आकडे देण्याआधी विचारतो, बॉडी मास इंडेक्स सारखाच, तर चरबी कोणाची जास्त? बहुतेक मुलं म्हणतात, सारखीच.