हेक्टरांत न मावणारी खाण

कोळशाची खाण बंद झाल्यावर पुढे काय करायचे, याची योजना खाण चालू असतानाच तयार हवी, हे तत्त्व आपल्याकडे उशिरा नियमात आले. कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे २०१३, २०२० आणि २०२५ साली त्या विषयावर सुधारित सूचना आल्या. येथे आम्ही २००९ च्या सूचनांमधील एकच हिशेब तपासणार आहोत, कारण भूमिगत खाणीविषयीचा एक सार्वत्रिक समज त्यात स्वच्छ दिसतो.

प्रथम या सूचनांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. कोळसा निघत असतानाच दरवर्षी ठरावीक रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे मालकाला मनास येईल तेव्हा काढता न येणाऱ्या खात्यात, भरण्याचे बंधन त्यांनी घातले. खाण संपली, मालक गेला आणि खड्डा गावाच्या पदरी पडला, या प्रकाराला त्यामुळे काहीसा आळा बसतो.

आमचा आक्षेप मोजमापाला आहे. २००९ च्या दराने खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये धरले होते. भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख. वरवर पाहता हे रास्त वाटते. खुली खाण मागे खोल खड्डा आणि मातीचे डोंगर ठेवते. भूमिगत खाणीवर मात्र शेती चालू असलेली दिसते. पण जे दिसत नाही त्याचे काय?

भूमिगत खाणीत सामान्यतः कोळशाचे खांब राखून बोगदे खणतात आणि अखेरीस शक्य तेवढे खांबही काढून घेतात. आधार गेला की छत कोसळते व वरची जमीन खचते. पोकळी भरून काढली नाही, तर हे खचणे काढलेल्या थराच्या जाडीच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ३ मीटर थरासाठी १.८ मीटर. पाण्याबरोबर वाळू सोडून पोकळी भरली, तर ते पुष्कळ कमी होते. जमिनीच्या भेगांतून हवा आत शिरते, उरलेल्या कोळशाचे मंद ऑक्सिडीकरण होते, उष्णता साठते आणि कोळसा आपोआप पेट घेतो. पंप थांबले की पोकळीत पाणी चढू लागते. जमीन, आग आणि पाणी या तिन्हींचे मूळ पोकळीत आहे, आणि पोकळी घनमीटरांत मोजावी लागते.

झारखंडमधील झरिया हे याचे उदाहरण आहे. तेथील पहिली आग १९१६ साली भौरा येथे नोंदली गेली. आगी आणि खचणाऱ्या जमिनीवर उपाय व लोकांचे पुनर्वसन यांसाठी २००९ सालीच ७,११२ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. २०२५ साली ५,९४० कोटींच्या सुधारित आराखड्यास मान्यता मिळाली. आता विद्यार्थ्यांना एक गणित घालावे. झरियाचे कोळसाक्षेत्र सुमारे ४५० चौरस किलोमीटर, म्हणजे ४५,००० हेक्टर. हेक्टरी १ लाख धरल्यास ४५० कोटी होतात. प्रत्यक्ष आराखडा याच्या जवळजवळ सोळापट होता. ही तुलना काटेकोर नाही, हे सांगितले पाहिजे: झरियात खुल्या खाणीही आहेत, आणि शतकभराच्या हयगयीची भरपाई त्या खर्चात आहे. परंतु वेळेवर न केलेले काम किती महाग पडते, याचा अंदाज त्यातून येतो.

पैशात न मोजता येणारी बाजू याहून गंभीर आहे. याच कोळसाक्षेत्रात चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या खाणकामात साचलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. २००१ साली बागडिगी येथे तसेच घडले. २९ जण गेले. सोडून दिलेली पोकळी शेजारच्या खाणीसाठी बंद झालेली नसते. म्हणून आमच्या मते, भूमिगत खाणीच्या आराखड्यात झाडांच्या संख्येआधी तीन गोष्टी पाहाव्यात: पोकळीचा अचूक नकाशा, पाण्याच्या पातळीची सलग नोंद, आणि भेगा, तापमान व कार्बन मोनॉक्साइड यांची तपासणी. ही कामे खाण बंद झाल्यावरही कोणी करायची, हे त्यात लिहिलेले असावे.

पोकळीतले पाणी उपयोगीही पडू शकते. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद करण्याचा प्रकल्प उभारला. पण त्यासाठीही पाणी किती व कसे आहे, हे आधी मोजावे लागते.

चंद्रपूर, नागपूर, यवतमाळकडील शिक्षकांनी जवळच्या खाणीचा आराखडा मिळवून वर्गात वाचावा. त्यात किती झाडे लावणार हे बहुधा सापडेल. जमिनीखाली काय उरणार, हे सापडते का ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. आणि सापडले नाही, तर खाणीच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारायला सांगावे.