श्रोत्यावांचून मैफल

गाणाऱ्यास श्रोता हवाच काय, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या बैठकींत समेवर डोलणारी मान आणि जागच्या जागीं मिळणारी दाद गवयास पुढची वाट सुचविते. श्रोता उठून गेला तर गाण्याचें अर्धें अंगच लुळें पडतें. पाश्चात्त्यांच्या अभिजात संगीताची रीत निराळी. तेथें रचना बहुतेक आधींच लिहिलेली, आणि ती संपेपर्यंत श्रोत्यानें ओठ मिटून बसावें हा शिष्टाचार. अशा मूक श्रोत्यास वगळलें तर त्या संगीताचें काय बिघडेल? २०२० सालीं कोविडच्या महामारीनें नेमका हाच प्रयोग घडवून आणला.

लंडनमधील विग्मोर हॉल हें १९०१ सालीं बेखस्टाइन ह्या पियानो बनविणाऱ्या कंपनीनें उघडलेलें सभागृह. त्यांत सुमारें साडेपांचशें श्रोते मावतात. परंतु लहान मैफलींचें स्थान म्हणून त्याचा लौकिक मोठा. मार्च २०२० मध्यें तें बंद करावें लागलें. १ जूनपासून मात्र बीबीसीच्या सहकार्यानें तेथें दुपारच्या वीस मैफलींची माला सुरू झाली. समोर श्रोतृवर्ग नाहीं. कार्यक्रम नभोवाणीवर व चित्रांसह संगणकावर. आणि परस्परांत अंतर राहावें म्हणून मंचावर एक किंवा दोनच कलावंत. त्यामुळें मोठे वाद्यवृंद आपोआप वगळले गेले, व एकल वादन आणि पियानोच्या साथीनें गायचीं गीतें पुढें आलीं. संकटानें घातलेली मर्यादा त्या वास्तूच्या मूळ स्वभावासच मानवली, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या दिवशीं स्टीफन हफ यांनीं बाखचें ‘शाकॉन’ वाजविलें. ही रचना मुळांत एकट्या व्हायोलिनसाठीं लिहिलेली. बुसोनीनें तिचें पियानोसाठीं रूपांतर केलें. तें वादन ऐकतांना आम्हांस कोठेंही उणें जाणवलें नाहीं. उणें जाणवलें तें शेवटचा स्वर विरल्यानंतर. मूक श्रोता आणि अनुपस्थित श्रोता एकच, ही आमची समजूत तेथें ढासळली. शेंकडों माणसांनीं श्वास रोखून धरलेली शांतता भरलेली असते. रिकाम्या खुर्च्यांची शांतता नुसती पोकळ. ध्वनिशास्त्राचीही ह्यास साक्ष आहे. माणसांचीं शरीरें व वस्त्रें ध्वनि शोषून घेतात, म्हणून भरल्या आणि रिकाम्या सभागृहांत तोच स्वर वेगळा उमटतो. ओठ मिटून बसलेला श्रोताही, स्वतःच्या नकळत, स्वरास आकार देत असतो.

१ जानेवारी २०२१ रोजीं व्हिएन्ना येथील नववर्षाच्या मैफलीनें दुसरा मार्ग धरला. रिकार्दो मुती यांच्या संचालनाखालीं रिकाम्या दालनांत वादन झालें, आणि घरोघरच्या श्रोत्यांनीं यंत्रद्वारां पाठविलेल्या टाळ्या तेथें ऐकविल्या गेल्या. युक्ति चतुर खरी. पण आम्हांस तींत उणीव झांकण्याचा खटाटोपच अधिक दिसला. विग्मोर हॉलनें ती उघडी ठेवली, आणि आमच्या मतें तेंच अधिक प्रामाणिक होय.

हजारों मैलांवरील आमच्यासारख्यांस ह्या मालेनें तें दार उघडून दिलें, हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हिशेब पुरा मांडावयाचा तर एवढें म्हटलेंच पाहिजे कीं, त्या वीस दिवसांत श्रोत्यास गाणें मिळालें. गाणाऱ्यास मात्र श्रोता मिळाला नाहीं.