पिंडाला न शिवलेला कावळा : ‘विंटरगर्ल्स’ वाचताना

लॉरी हाल्स अँडरसन यांची ‘विंटरगर्ल्स’ ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मी ती वाचली पन्नाशी ओलांडल्यावर, कर्जत लोकलमध्ये, आणि तीही एका कामासाठी. नेरळमधल्या आमच्या ओळखीतली एक मुलगी आजी गेल्यापासून जेवेनाशी झाली होती. घरचे म्हणत, तिने सोमवार धरलेत, गुरुवार धरलेत, पोर फार श्रद्धाळू आहे. तिच्या आईला मात्र शंका होती. “तुम्ही एवढं वाचता, या विषयावरचं तिला काही देता येईल का?” असे तिने विचारले. पुस्तक द्यावे की न द्यावे, हा प्रश्न मनात ठेवूनच मी वाचत गेलो.

कथानक थोडक्यात असे. लिया अठरा वर्षांची. तिची एके काळची जिवाभावाची मैत्रीण कॅसी मोटेलच्या खोलीत एकटी मरते. त्या रात्री कॅसीने तिला तेहेतीस वेळा फोन केलेला असतो. दोघींचे बोलणे बंद होते, म्हणून लियाने एकही उचललेला नसतो. लहानपणी दोघींनी शपथ घेतली होती की, शाळेतल्या सर्वांत बारीक मुली आपणच व्हायचे. कॅसी खाऊन ओकत असे, लिया खातच नसे. आता मेलेली कॅसी रात्री लियाच्या खोलीत येते आणि तिला आपल्याकडे बोलावते.

या कादंबरीची चर्चा बहुधा आजाराची कादंबरी म्हणून होते. त्या आजाराला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव विल्यम गल या इंग्रज डॉक्टराने १८७३ च्या सुमारास दिले. मराठीत आपण ‘क्षुधानाश’ म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण लियाची भूक नष्ट झालेली नाही. ती पानोपानी भुकेली आहे. अँडरसन यांनी यासाठी एक साधी युक्ती केली आहे. लियाच्या मनात जे खरे येते ते छापून त्यावर काट मारलेली दिसते आणि पुढे तिने स्वतःला पढवलेले वाक्य येते. खोडलेले वाचता येते, हेच त्यातले मर्म. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत सच्ची जागा हीच. बर्फाच्या आणि परीकथांच्या प्रतिमा मला अती वाटल्या, आणि शेवटी लिया सावरते ते जरा घाईने.

पण मला ही कादंबरी सुतकाची वाटते, न फिटलेल्या सुतकाची. शोकाने अन्नावरची वासना उडते हे आपल्याला नवे नाही. ‘माधवनिदाना’त अरोचकाच्या कारणांत शोक आहेच, आणि ‘घास उतरत नाही’ हे तर आपण रोज बोलतो. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलंभात आणून देतात आणि समोर बसून खायला लावतात. दहाव्याला इकडे उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवतात, गेलेल्याच्या आवडीचे वाढतात. कावळा शिवेना की माणसे अस्वस्थ होतात. मग कुणीतरी हात जोडून गेलेल्याच्या मनातले ओळखू पाहते, कबुली देते : मुलीचे लग्न करू, कर्ज फेडू, काळजी करू नकोस. आधी मेलेला जेवतो, मग जिवंत जेवतात. विंटरगर्ल्समध्ये हे सगळे उलटे झाले आहे. कॅसीला काय सांगायचे होते हे कुणी विचारत नाही, लिया ते तेहेतीस फोन बराच काळ मनातच ठेवते. आणि कॅसीला घास नको आहे, सोबत हवी आहे.

म्हणून आपले विधी थोर, असे मात्र मला म्हणायचे नाही. विधवेने दिवसातून एकदाच जेवायचे, हा नियम पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत नोंदवून ठेवला आहे. शोकापायी बाईला उपाशी ठेवणे ही इथलीच रीत होती, आणि तिला आपण पुण्य म्हणत होतो. उपासाला एवढा मान असलेल्या समाजात लियासारखी मुलगी ओळखायची कशी? शिवाय आमच्या तालुक्यात भूक म्हटले की कातकरी वाड्यांवरची कुपोषित मुले आठवतात, भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या धान्यकोठ्या आठवतात. भरल्या घरातली मुलगी जेवत नाही म्हटल्यावर लोक सरळ ‘चोचले’ म्हणतात. मीही मनात म्हटले होते.

आणखी एक. त्या मुलीला दहाव्याला नदीवर नेलेच नव्हते. मुलींनी घाटावर जायचे नसते. कावळा शिवला, पण तो तिने पाहिला नाही.

पुस्तक मी तिला दिले नाही. लियाच्या हिशेबात प्रत्येक पदार्थापुढे कंसात उष्मांक येतात, प्रकरणांचे क्रमांकही वजनकाट्यावरच्या आकड्यांसारखे छापले आहेत. अशा मुलीच्या हाती तो अभ्यासक्रम ठरू शकतो. ही शंका अमेरिकेतही घेतली गेली होती आणि मला ती रास्त वाटते. कादंबरी चांगली असूनही रास्त वाटते. आकडे हा लियाच्या मनाचाच भाग आहे, ते गाळले तर पुस्तक खोटे होईल, हेही खरे.

मग एका संध्याकाळी तिच्या आईला मी गोष्टच सांगितली, आकडे वगळून. तेहेतीस फोनांपाशी तिने मला थांबवले. सासूबाई गेल्या त्या दुपारी पोरीला हाक मारत होत्या, ती कानात गाणी लावून बसली होती, हे ती पहिल्यांदाच बोलली. मुलगी आता ठाण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. सोमवार अजून धरते.