शिंबावंत वनस्पतींवरील सायला कीटक : वर्गीकरणातील अप्रौढ अवस्थेचे स्थान

'सायला' हा शब्द विदर्भातील संत्रा बागायतदाराला नवा नाही. कोवळ्या पालवीवर बसून रस शोषणारा आणि स्पर्श होताच टुणकन उडी मारणारा हा बारीक कीटक त्याच्या परिचयाचा आहे. मात्र लिंबूवर्गाबाहेरील, विशेषतः शिंबावंत कुलातील वृक्षांवर जगणारे सायला आपल्याकडील महाविद्यालयीन अभ्यासात क्वचितच येतात. आले तरी प्रौढ कीटकाच्या रूपात येतात. त्याचे पिल्लू, म्हणजे पंख पूर्ण वाढण्यापूर्वीची अप्रौढ अवस्था, नोंदवहीच्या बाहेरच राहते. या विषयावरील भारतीय लिखाणाचे परीक्षण करताना हीच उणीव प्रथम नजरेत भरते.

भारतीय सायलांच्या वर्गीकरणाचा आरंभीचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे डी. एल. क्रॉफर्ड यांचा १९१२ मधील निबंध. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील आर. एन. माथूर यांनी १९३५ मध्ये या कीटकांच्या जीवनक्रमावर लिहिले, आणि १९७५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने त्यांचा उपखंडातील सायलांवरील बृहद्ग्रंथ प्रकाशित केला. या ग्रंथावाचून आजही कोणाचे चालत नाही. २०१८ मध्ये बर्कहार्ट, शर्मा आणि रामन यांनी उपखंडातील जातींची टिपणांसह यादी सिद्ध केली, तिलाही माथूर यांच्या कामाचाच पाया आहे. तेव्हा पुढील आक्षेप माथूर यांच्या परिश्रमाविषयी नाही. तो एका शब्दाविषयी आहे.

जुन्या वन-कीटकशास्त्रीय नोंदींत कीटक ज्या झाडावर सापडला ते झाड त्याची 'अन्नवनस्पती' म्हणून लिहिले जाई. प्रौढ सायला वाऱ्याबरोबर वाहत जातो, कोरड्या दिवसांत भलत्याच झाडावर आसरा घेतो, प्रसंगी तेथे थोडा रसही शोषतो. म्हणून ते झाड त्याचे यजमान ठरत नाही. शिरिषावरून झटकून मिळालेला कीटक शिरिषाचाच असेल, ही केवळ समजूत आहे. बर्कहार्ट, उव्रार, केरोझ आणि पर्सी यांनी २०१४ मध्ये या गोंधळाचा नेमका समाचार घेतला : ज्या वनस्पतीवर सायलाची अप्रौढ अवस्था वाढून प्रौढ होते तीच यजमान वनस्पती, बाकीच्या आश्रयाच्या, अन्नाच्या किंवा योगायोगाच्या. ही व्याख्या मान्य केल्यास शिंबावंतांवरील भारतीय नोंदींपैकी कोणत्या टिकतील, हे पुन्हा तपासावे लागते. तपासणीचा साक्षीदार एकच, ते पिल्लू. अंड्याला एक सूक्ष्म देठ असतो आणि मादी तो वनस्पतीच्या ऊतीत रोवते. पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते आणि तोवर त्याला पंख नसल्याने ते सहसा त्याच झाडावर राहते. त्यामुळे ते जिथे वाढले, तिथेच त्याचे घर.

पिल्लू केवळ यजमानाची साक्ष देते असे नाही. व्हाइट आणि हॉडकिन्सन यांनी १९८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या नियतकालिकात सायलांचे संपूर्ण वर्गीकरण अप्रौढ अवस्थेच्या लक्षणांवर तपासून पाहिले. स्पर्शिकेच्या खंडांची संख्या, पंखकोषांचा आकार, उदराच्या टोकाशी असलेले पट्ट, गुदद्वाराभोवती मेण स्रवणाऱ्या छिद्रांचे वलय, पायाच्या टोकाची गादी आणि केसांचे नाना प्रकार, ही लक्षणे प्रौढाच्या पंखशिरांइतकीच बोलकी ठरतात. क्रॉफर्डकालीन लेखनात 'सिला' ही प्रजाती एखाद्या धर्मशाळेसारखी होती. ज्याला अन्यत्र जागा नाही तो तिच्यात. पुढे हेस्लॉप-हॅरिसन यांनी १९६१ मध्ये बाभूळ-शिरीष गटाशी निगडित जातींसाठी 'अ‍ॅसिझिया' ही वेगळी प्रजाती स्थापिली. अशा फेरमांडणीत पिल्लाचा पुरावा हाताशी असला तर काम निश्चित होते, नसला तर ते मतभेदावर येऊन थांबते.

हा वाद निव्वळ पांडित्याचा नाही, हे सुबाभळीच्या प्रकरणाने दाखवून दिले. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेने मणिभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली सुबाभळीचा चारा आणि जळण म्हणून हिरिरीने प्रसार केला. या झाडाचा मूळ प्रदेश मध्य अमेरिका, आणि तेथील 'हेटेरोसिला क्युबाना' हा सायला क्रॉफर्ड यांनी १९१४ मध्येच वर्णिला होता. १९८४ मध्ये तो हवाईत प्रकटला, पॅसिफिक आणि आग्नेय आशिया ओलांडत १९८८ मध्ये भारतात पोहोचला. शेंड्यावरची पालवी करपली, चारा घटला. त्याच वर्षी थायलंडहून 'क्युरिनस सेरुलियस' हा ढालकिडा आणून सोडण्यात आला. आरंभीच्या काही लिखाणात याच कीटकासाठी 'हेटेरोसिला इन्सिझा' हे नावही आढळते. नावच पक्के नसेल तर नैसर्गिक शत्रू कुठल्या देशात शोधायचा, हा प्रश्न उरतोच. मुडिमन, हॉडकिन्सन आणि हॉलिस यांचा शिंबावंतभक्षी हेटेरोसिलांवरील आढावा १९९२ मध्ये, म्हणजे आपत्ती येऊन गेल्यावर प्रसिद्ध झाला. त्याच आढाव्यात 'हेटेरोसिला स्पिन्युलोसा' या जातीला नाव मिळाले. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये काटेरी लाजाळूच्या बंदोबस्तासाठी ती १९८८ मध्येच सोडली गेली होती. कीटक आधी कामाला लागला, बारसे नंतर झाले!

पर्सी यांनी कॅनरी बेटांतील शिंबावंत झुडपांवरील सायलांचा २००३ मध्ये केलेला अभ्यास येथे तुलनेसाठी उपयोगी आहे. पेज आणि क्रॉन्क यांच्यासह २००४ मध्ये त्यांनी दाखवले की झुडपांचे वैविध्य आधी आणि कीटकांचे नंतर घडले. दोघे जोडीने उत्क्रांत झाले हे गृहीत टिकले नाही. असा निष्कर्ष काढण्यासाठी कोणता कीटक कोणत्या झाडावर खरोखर वाढतो हे आधी निर्विवाद ठरावे लागते. भारतीय नोंदींवर तसा निष्कर्ष आज उभारता येणार नाही.

पनवेल परिसरात ही कसोटी लावायला साधनसामग्री फारशी लागत नाही. कर्नाळ्याच्या रानात खैर, शिरीष, बहावा आणि पळस आहेत. रस्त्यांच्या कडेला व मोकळ्या भूखंडांवर सुबाभूळ आपोआप उगवते, आणि वर्षावृक्ष लावलेले आहेत. वर्षावृक्षही अमेरिकेतून आलेला, सुबाभळीच्याच गटातला. त्यावर प्रौढ हेटेरोसिला आढळला तर काय लिहावे? केवळ 'आढळला' एवढेच. पिल्ले पाचव्या अवस्थेपर्यंत त्याच फांदीवर वाढताना दिसेपर्यंत यजमान म्हणू नये. फांदीला मलमलची पिशवी बांधून ती वाढवावीत, प्रत्येक अवस्थेचे काही नमुने अल्कोहोलमध्ये ठेवावेत, कातीही जपाव्यात, आणि त्याच फांदीचा वनस्पती-नमुना दाबून त्यावर तोच क्रमांक घालावा. पहिल्या दोन अवस्थांतील पिल्ले जवळच्या जातींत फार सारखी दिसतात, म्हणून एखादे सुटे पिल्लू पुरत नाही, मालिका हवी. संग्रहालयातील टाचणीवर वाळवलेला प्रौढ कीटक कितीही देखणा असला, तरी तो कोठे जन्मला हे सांगू शकत नाही.