वाऱ्याचा तक्ता आणि पाण्याचा धोका

चक्रीवादळे शिकवताना वर्गात हटकून एक तक्ता येतो. वाऱ्याचा तीन मिनिटांचा सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, अशा पायऱ्या चढत २२० ओलांडल्यावर महाचक्रीवादळ. भारतीय हवामानशास्त्र विभागाची ही विभागणी वाऱ्यापुरती चोख आहे. (अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी घेतात, म्हणून त्याच वादळाचा आकडा तिकडे सहसा मोठा दिसतो, तक्त्याखाली हे क्वचितच लिहिलेले असते.) आमचा आक्षेप आहे तो हाच तक्ता धोक्याचा तक्ता म्हणून शिकवण्याला.

नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आदळलेले भोला वादळ घ्या. त्याचा वारा ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास मानला जातो. म्हणजे सर्वांत वरच्या पायरीला ते पोहोचलेच नव्हते. तरीही तीन ते पाच लाख माणसे गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक बुडून. खोल समुद्रात वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला खालून परतायला वाट असते. उथळ किनाऱ्याशी ती नसते, मग पाणी वर चढते. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक उथळ, शिवाय नरसाळ्यासारखे निमुळते. त्यात भरतीची वेळ गाठली गेली, आणि त्रिभुज प्रदेशातली जमीन समुद्रसपाटीहून जेमतेम उंच. यातले काहीच वाऱ्याच्या आकड्यात मावत नाही.

एकाच वेगाचे वादळ दोन वेगळ्या किनाऱ्यांवर आले तर काय होईल, असा प्रश्न मात्र शालेय प्रश्नपत्रिकेत आमच्या पाहण्यात आलेला नाही.